तीन पायऱ्या

मित्रांनो, तुम्हांला एक सोपा प्रश्न विचारतो. तुमच्या शाळेच्या मुख्य दारापाशी किती पायऱ्या आहेत? पुस्तक मिटून क्षणभर आठवून पाहा.

तुम्ही त्या पायऱ्या रोज चढता, रोज उतरता. सुट्टीची घंटा झाली की दोन-दोन पायऱ्या एका उडीत ओलांडता. तरीही तुमच्यापैकी बहुतेकांना नेमका आकडा सांगता येणार नाही. यात नवल नाही. जी गोष्ट आपल्याला अडवत नाही, ती आपण मोजत नाही. पण त्या पायऱ्या मोजणारेही कोणी तरी असते.

समजा, तुमच्या मोहल्ल्यात इम्रान नावाचा मुलगा राहतो. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्यामुळे त्याच्या पायांत जोर राहिला नाही. डॉक्टर या विकाराला ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणतात. इम्रान चाकाच्या खुर्चीवर बसतो. तो कॅरम छान खेळतो, तोंडी हिशेब पटकन करतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून अम्मीला दूधही आणून देतो. शाळेच्या दारात तीन पायऱ्या आहेत. पहिलीपासून त्याचे अब्बा त्याला उचलून वर्गात नेत असत. आता इम्रान तेरा वर्षांचा झाला आहे. त्याचे वजन वाढले आहे. अब्बांची कंबर दुखते, त्यांच्याने त्याला उचलवत नाही. आधी आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा बुडू लागली. पुढे इम्रान घरीच राहू लागला.

आता सांगा, इम्रानची शाळा का सुटली?

“त्याला चालता येत नाही म्हणून,” असे तुम्ही चटकन म्हणाल. पण थोडे थांबा. चालता येत नसूनही इम्रान दुकानापर्यंत जातो, मित्रांबरोबर खेळतो. त्याची खुर्ची अडते ती फक्त पायऱ्यांपाशी. मग त्याची शाळा पायांमुळे सुटली, की पायऱ्यांमुळे?

आज जगभर अपंगत्वाचा विचार याच पद्धतीने केला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी एक करार स्वीकारला. भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली. शरीरातील उणीव आणि समाजातील अडथळे यांची गाठ पडली की माणूस अपंग ठरतो, असे हा करार सांगतो. उणीव दूर करणे प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या हाती नसते. अडथळे दूर करणे मात्र आपल्या हाती असते.

आपल्या देशात अशा व्यक्ती किती आहेत? २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख इतकी भरली. म्हणजे हजार वस्तीच्या गावात साधारण बावीस माणसे. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. मग ही माणसे आपल्याला बाजारात, बसमध्ये, लग्नसमारंभात इतकी कमी का दिसतात? कारण त्यांतील कितीतरी जण घरातच राहतात. काहींना घरापासून दूर, चार भिंतींच्या आत ठेवलेले असते.

दया की हक्क?

पूर्वी लोकांची समजूत वेगळी होती. जो चालू शकत नाही, पाहू शकत नाही किंवा ज्याचे मन आजारी आहे, त्याला कुठल्या तरी संस्थेत ठेवावे, तेथे त्याला जेवण आणि कपडा मिळावा, म्हणजे झाले, असे लोकांना वाटे. यात पुष्कळदा दयाही असे. काही संस्थांनी मनापासून सेवा केली, हेही खरे आहे. पण ज्या माणसाला तेथे ठेवायचे, त्याला कोणी विचारत नसे, “बाबा रे, तुला कुठे राहायचे आहे?”

माणसाला समाजापासून तोडले की काय होऊ शकते, याचे एक दुःखद उदाहरण आपल्याच देशात घडले. तामिळनाडूत एरवाडी नावाचे गाव आहे. तेथे मनोरुग्णांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका खाजगी निवासाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. रुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवलेले होते. त्यांना पळता आले नाही. या आगीत २८ जणांचे प्राण गेले. सारा देश हळहळला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

मानसिक आजार झालेल्या माणसांसाठी २०१७ साली ‘मानसिक आरोग्य सेवा कायदा’ झाला. कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने मनाई केली आहे. शिवाय, केवळ घरचे लोक स्वीकारत नाहीत किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. बरे झालेल्या किंवा बरे होत असलेल्या माणसाला समाजात परत येता यावे, यासाठी वस्तीत लहान निवास आणि घराजवळ उपचार यांची सोय करणे हे सरकारचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे.

कायदा काय सांगतो?

अपंग व्यक्तींसाठी आपल्या संसदेने १९९५ साली पहिला मोठा कायदा केला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वाचा समावेश होता. त्याची जागा २०१६ च्या ‘दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्या’ने घेतली. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आता अपंगत्वाचे प्रकार २१ झाले आहेत. अंधत्व, बहिरेपणा, चालण्यातील अडचण हे तर त्यांत आहेतच. पण स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि अ‍ॅसिड हल्ल्यामुळे आलेले अपंगत्व यांचाही त्यांत समावेश आहे.

या कायद्याचे पाचवे कलम छोटे, पण फार मोलाचे आहे. दिव्यांग व्यक्तींना समाजात राहण्याचा हक्क आहे, असे ते सांगते. अमुक एका ठिकाणीच राहा, अशी सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही. घरात आणि वस्तीत राहून जगण्यासाठी लागणारी मदत त्यांना तेथेच मिळावी, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत.

येथे ‘दया’ आणि ‘हक्क’ या दोन शब्दांतील फरक नीट समजून घ्या. दया करणारा माणूस आज देईल, उद्या देणार नाही. त्याच्यापुढे हात पसरावा लागतो. हक्क मात्र मान ताठ ठेवून मागता येतो. तो मिळाला नाही, तर न्यायालयात दाद मागता येते.

इम्रानला काय मिळू शकते?

आता पुन्हा इम्रानकडे वळू या. सरकारच्या योजना त्याला कशा उपयोगी पडतील, ते क्रमाने पाहू.

सर्वांत आधी त्याला प्रमाणपत्र हवे. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर तपासणी करून अपंगत्वाचे प्रमाण टक्क्यांत ठरवतात. बहुतेक सवलतींसाठी ते किमान ४० टक्के असावे लागते. त्यानंतर सर्व देशात चालणारे एक ओळखपत्र मिळते. ते असले की दरवेळी नव्याने पुरावा द्यावा लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे साधने. गरजूंना चाकाची खुर्ची, तीनचाकी सायकल, कुबड्या, कानातील यंत्र, अंधांसाठी काठी अशी साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. यांपैकी पुष्कळशी साधने कानपूर येथील ‘अ‍ॅलिम्को’ या सरकारी कारखान्यात तयार होतात.

तिसरी गोष्ट शिक्षण. ज्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, अशा ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो शेजारच्या शाळेत शिकू शकतो. हाताने लिहिणे अवघड असेल, तर परीक्षेत लेखनिक मिळतो. लेखनिक म्हणजे उत्तरे ऐकून लिहून देणारा मदतनीस. दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळही मिळतो. पुढे महाविद्यालयात जायचे असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकऱ्यांतही ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत.

चौथी गोष्ट प्रवास. आपल्या राज्यात एस. टी. च्या साध्या गाडीत दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. मुंबईच्या लोकलगाड्यांत दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो. प्रवास स्वस्त आणि सोपा झाला की माणूस घराबाहेर पडतो. घराबाहेर पडला की त्याला काम मिळते, मित्र मिळतात.

आणखी एक प्रश्न असा आहे की, तो इम्रानची अम्मी कोणाला विचारत नाही. पण रात्री झोप लागत नाही, तेव्हा तो तिच्या मनात येतो. “आम्ही आहोत तोवर ठीक आहे. आमच्यानंतर याला कोण पाहील?”

ज्यांच्या घरी असे मूल आहे, अशा पुष्कळ आईबापांना हीच काळजी असते. ही काळजी ओळखून १९९९ साली एक कायदा करण्यात आला आणि त्यानुसार ‘राष्ट्रीय न्यास’ ही संस्था स्थापन झाली. न्यास म्हणजे ट्रस्ट. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ती काम करते. ज्याला स्वतःचे निर्णय घेणे फार कठीण जाते, त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. हे काम जिल्ह्यातील एक समिती करते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात आणि एक अपंग व्यक्तीही तिची सदस्य असते. इम्रानची बुद्धी तल्लख आहे. मोठेपणी तो आपले निर्णय आपणच घेईल. त्याला पालकाची नव्हे, तर आधाराची गरज पडेल. न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विम्याची योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय करते. मोठ्या झालेल्या व्यक्तींना देखभालीसह राहता यावे, म्हणून ‘घरौंदा’ ही योजना आहे. तुम्ही उर्दू शिकता. घरौंदा म्हणजे छोटेसे घर, हे तुम्हांला सांगायला नकोच.

आपल्या राज्य सरकारनेही २०२२ साली ‘दिव्यांग कल्याण विभाग’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा नियम आहे. तुमच्या गावात ही रक्कम कशावर खर्च होते, हे विचारण्याचा अधिकार गावातील प्रत्येकाला आहे.

वाट मोकळी करणे

एवढे सगळे मिळाले, तरी त्या तीन पायऱ्या तशाच राहिल्या तर? खुर्ची सरकारने दिली, प्रवेश शाळेने दिला. पण दारातून आत कसे जायचे?

म्हणूनच ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू केले. ३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन आहे. सुगम्य म्हणजे जेथे सहज जाता येते असे. सरकारी इमारती, रेल्वे स्थानके, बसगाड्या आणि माहितीची साधने सर्वांना वापरता यावीत, हा या अभियानाचा हेतू आहे.

रेल्वेच्या फलाटावर तुम्ही पिवळ्या, उंचसखल फरशा पाहिल्या असतील. त्या शोभेसाठी नसतात. लांब उभ्या रेघांची फरशी सांगते, “सरळ चालत राहा.” गोल ठिपक्यांची फरशी सांगते, “थांब, पुढे धोका आहे किंवा वळण आहे.” दृष्टिहीन माणूस पायाच्या तळव्याने आणि काठीच्या टोकाने हे वाचतो. ही कल्पना जपानमधील सेइची मियाके यांची. १९६७ साली ओकायामा शहरात अशा फरशा पहिल्यांदा बसविण्यात आल्या. आज त्या जगभर दिसतात.

चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधतात. त्याला रॅम्प म्हणतात. त्याचे गणित सोपे आहे. उंची एक असेल, तर उताराची लांबी किमान बारा हवी. इम्रानच्या शाळेत तीन पायऱ्या आहेत. एक पायरी १५ सेंटिमीटर धरली, तर उंची झाली ४५ सेंटिमीटर. तिला बाराने गुणा. उत्तर येते ५४० सेंटिमीटर, म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर. साधारण एका वर्गखोलीच्या लांबीएवढा उतार! एका मुलाची शाळा आणि घर यांच्यामध्ये एवढेच अंतर उरले होते.

काही ठिकाणी उतार बांधलेला असतो. पण तो इतका उभा असतो की खुर्ची वर जातच नाही. फक्त कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते. म्हणून उतार आहे की नाही, एवढेच पाहून चालत नाही. तो मोजावा लागतो.

हे काम पूर्ण झाले आहे का? नाही. राजीव रतुरी नावाच्या एका दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. रस्ते, इमारती आणि वाहने दृष्टिहीनांनाही सुरक्षितपणे वापरता यावीत, एवढेच त्यांचे मागणे होते. न्यायालयाने २०१७ साली सरकारला सविस्तर आदेश दिले. तरीही पुष्कळ काम मागे राहिले. तेव्हा ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने पुन्हा बजावले की, सुगम्यतेचे नियम म्हणजे नुसत्या सूचना नव्हेत. ते पाळणे बंधनकारक असले पाहिजे. कायदा होणे ही एक गोष्ट आणि तो दारापर्यंत पोहोचणे ही दुसरी, हे यावरून ध्यानात येते.

आपला वाटा

मित्रांनो, सरकार उतार बांधू शकते. पण त्या उतारावर मोटारसायकल उभी करू नका, हे सांगायला प्रत्येक ठिकाणी शिपाई ठेवता येत नाही. सरकार राखीव डबा देऊ शकते. पण त्यात धडधाकट माणसांनी शिरू नये, हे शेवटी माणसांनीच ठरवावे लागते. सरकार इम्रानला शाळेत प्रवेश देऊ शकते. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसून डबा खाणे मात्र सरकारी हुकमाने होत नाही. ते तुम्हीच करायचे आहे.

मदत करतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी विचारा, मग हात लावा. न विचारता कोणाची खुर्ची ढकलू नका. अंध माणसाचा हात धरून त्याला ओढू नका; तुमचा हात त्याला धरू द्या. बहिऱ्या माणसाशी त्याच्या समोर उभे राहून, सावकाश बोला. ‘लंगडा’, ‘आंधळा’, ‘पागल’ अशी नावे ठेवू नका. ‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, याविषयी मोठ्या माणसांत मतभेद आहेत. तुमच्यासाठी सोपा मार्ग आहे. त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

आणि असे समजू नका की हे सगळे दुसऱ्या कोणासाठी आहे. उद्या खेळताना तुमचाच पाय मोडला, प्लास्टर बसले, तर सहा आठवडे तुम्हांलाही तो उतार लागेल. तुमच्या दादीला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत. तान्हे बाळ घेऊन येणाऱ्या आईला, डोक्यावर ओझे असलेल्या हमालाला, सर्वांनाच तो बरा पडतो. एका इम्रानसाठी केलेली वाट शेकडो माणसांच्या उपयोगी पडते.

उद्या शाळेत जाल, तेव्हा एक काम करा. दारातल्या पायऱ्या मोजा. पट्टी लावून त्यांची उंची मोजा आणि तिला बाराने गुणा. तो आकडा एका कागदावर लिहा. मग चार-पाच मित्र मिळून तो कागद मुख्याध्यापकांकडे घेऊन जा आणि विनंती करा, “सर, आपल्या शाळेला एवढा उतार हवा आहे.”

आपल्या मोहल्ल्यातला इम्रान कदाचित त्या उताराचीच वाट पाहत असेल.

स्वाध्याय

१. इम्रानची शाळा कशामुळे सुटली? तुमचे मत दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. ‘दया’ आणि ‘हक्क’ यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
३. २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम काय सांगते?
४. फलाटावरील पिवळ्या फरशांचा उपयोग कसा होतो?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अडथळा, सवलत, बंधनकारक, धडधाकट.
६. तुमच्या गावातील दवाखाना, टपाल कार्यालय, बसस्थानक यांपैकी एका ठिकाणी जा. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तेथे आत जाता येईल का, ते पाहा आणि दहा ओळी लिहा.